रोमानियातला रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचाय? आधी संस्था बघा, फोटो नंतर

सोनचाफा (बर्लिन)

आमची रोमानियातली कुत्री मिरी घरात आल्यापासून मंडळाच्या ग्रुपवर आणि बागेत भेटणाऱ्या आपल्या लोकांकडून एकच प्रश्न येतो: "रोमानियातून कुत्रा कसा आणायचा?" मेसेजमध्ये सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, म्हणून हा धागा. मला जर्मनीतलं माहीत आहे. बाकी देशांतल्यांनी आपापल्या इथलं नक्की लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. फोटो बघून कुत्रा निवडू नका, आधी संस्था निवडा. फोटोतले डोळे बघून आपण विरघळतो आणि विचारायचे प्रश्न तसेच राहतात. कुत्रा तुमच्या घरात रुळेल की भेदरून पळून जाईल, हे बरंचसं त्याला पाठवणारे लोक कसे आहेत यावर ठरतं.

रोमानियात एवढी कुत्री रस्त्यावर का, हेही माहीत असावं. 1980च्या दशकात कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत जुनी घरं, अख्ख्या वस्त्या पाडल्या गेल्या आणि माणसांना सिमेंटच्या ब्लॉकमध्ये हलवलं गेलं. अंगणातली कुत्री मागे राहिली. नसबंदी मोठ्या प्रमाणावर कधी झालीच नाही, संख्या वाढत गेली. सप्टेंबर 2013 मध्ये बुखारेस्टला कुत्र्यांच्या हल्ल्यात चार वर्षांचा मुलगा गेला. लोक प्रचंड संतापले आणि आठवड्याभरात संसदेने कायदा केला: पकडलेला कुत्रा सरकारी शेल्टरमध्ये 14 कामकाजाचे दिवस ठेवायचा, कुणी नेला नाही तर त्याला मारता येतं. त्या मुलाच्या घरच्यांचं दुःख बाजूला सारून मी काही लिहिणार नाही. पण नुसतं पकडून मारल्याने संख्या आटोक्यात येत नाही, जागा रिकामी झाली की नवी कुत्री येतात, हे आपण भारतातही पाहिलंय. पितेश्ती शहराजवळ 'स्मेउरा' नावाचं शेल्टर आहे. एकेकाळी तिथे फरसाठी कोल्हे पाळायचे, आज हजारो कुत्री आहेत. जर्मनीतल्या देणग्यांवर चालतं आणि आजूबाजूच्या भागात नसबंदीचंही काम करतं. नसबंदी करणारी संस्था आणि नुसती गाड्या भरभरून कुत्री पाठवणारी संस्था, हा फरक माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा.

आता संस्था कशी ओळखायची ते.

परदेशातून कुत्री आणून इथे देणाऱ्या संस्थेला जर्मन प्राणी संरक्षण कायद्याच्या कलम 11 खाली परवानगी लागते, ती स्थानिक फेटेरिनेअरआम्ट, म्हणजे सरकारी पशुवैद्यकीय ऑफिस, देतं. सरळ विचारा, "परवानगी कुठल्या ऑफिसची?" चांगली संस्था लगेच सांगते. जी आढेवेढे घेते तिचा नाद सोडा. दुसरं, कुत्रा ट्रेसेसमध्ये नोंद होऊन येतोय का. ही युरोपियन युनियनची जनावरांच्या वाहतुकीची नोंदप्रणाली. तिच्यामुळे निघण्याआधी सरकारी डॉक्टर तपासून सर्टिफिकेट देतात आणि इथल्या ऑफिसला कळतं की अमुक गाडी येतेय. तिसरं, वय. रेबीजची लस 12 आठवड्यांच्या आधी देता येत नाही, त्यानंतर 21 दिवस थांबावं लागतं. म्हणजे 15 आठवड्यांच्या आतलं पिल्लू रोमानियातून कायदेशीररीत्या जर्मनीत येऊच शकत नाही. कुणी "आठ आठवड्यांचं गोंडस पिल्लू, पार्किंगमध्ये भेटा, रोख आणा" म्हणालं तर समजून घ्या काय चाललंय. असं पिल्लू पकडलं गेलं तर क्वारंटाइनचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. आणि बिचाऱ्याचे हाल होतात ते वेगळेच.

चांगली संस्था तुम्हाला भरपूर प्रश्न विचारते, त्याचा राग मानू नका. घर बघायला माणूस येतो. आमच्याकडे आलेल्या बाईंनी बाल्कनीच्या कठड्यातली फट हाताने मोजली, जिना बघितला, "सुट्टीत भारतात जाता तेव्हा कुत्र्याचं काय?" असं स्पष्ट विचारलं. मला तो प्रश्न फार आवडला, कारण आपल्यासारख्यांच्या बाबतीत खरा प्रश्न तोच आहे. मग करार होतो. कुत्रा ठेवणं जमलं नाही तर तो संस्थेलाच परत द्यायचा, परस्पर कुणाला द्यायचा नाही, असं त्यात असतं. शुल्क साधारण 400 ते 500 युरोच्या घरात. त्यात लस, चिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती), नसबंदी, रक्ततपासणी, प्रवास येतो.

शक्य असेल तर फ्लेगेश्टेलेवर, म्हणजे आधीच जर्मनीत एखाद्या कुटुंबात तात्पुरता राहत असलेला कुत्रा घ्या. तिथे जाऊन भेटता येतं. लिफ्टला घाबरतो का, मुलांबरोबर कसा आहे, एकटा राहतो का, हे ते कुटुंब सांगू शकतं. रोमानियातल्या पिंजऱ्यातला कुत्रा घरात कसा वागेल हे तिथला भला माणूसही सांगू शकत नाही, कारण त्याने त्याला घरात कधी पाहिलेलंच नसतं.

मिरी मात्र थेट आली. मध्यरात्र उलटल्यावर हायवेच्या पार्किंगमध्ये व्हॅन थांबली, आत पिंजऱ्यांच्या रांगा, लघवीचा उग्र वास, आणि एकही कुत्रं भुंकत नव्हतं. चालवणाऱ्या बाईंनी दार उघडायच्या आधी आमच्याकडचा पट्टा आणि हार्नेस तपासला. हार्नेस साधा नाही, सेफ्टी हार्नेस. त्याला पोटाच्या मागच्या बाजूला आणखी एक पट्टा असतो, कुत्रा मागे सरकून निसटू शकत नाही. गळ्यात एक, हार्नेसला एक, असे दोन दोर, आणि दोन्ही दोन वेगळ्या माणसांच्या हातात. मिरी गाडीतून गाडीत गेली, पंजा जमिनीला लागू दिला नाही. घरी पोचल्यावर ती सोफ्याच्या मागे शिरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पाणी प्यायची ते रात्री आम्ही झोपल्यावर. दाराचा उंबरा, डिशवॉशरचा आवाज, काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब, सगळ्याची भीती. आम्ही काही केलं नाही. तिच्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही, जेवण ठेवायचं आणि आपण जमिनीवर बसून पुस्तक वाचायचं. एके दिवशी माझ्या पायाच्या अंगठ्याला ओलं नाक लागलं. मी पान उलटायचंसुद्धा थांबवलं होतं.

बर्लिनचे नियम थोडक्यात: पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो कर, लायबिलिटी इन्शुरन्स सक्तीचा, हुंडेरेगिस्टरमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी सक्तीची, दोर सक्तीचा. टासो ही हरवलेले पाळीव प्राणी शोधून देणारी संस्था, तिच्याकडे चिपची नोंद फुकट होते, ती पहिल्याच दिवशी करा. 2022च्या नोव्हेंबरपासून व्हेटची फी वाढलीय, त्यामुळे ऑपरेशनचा तरी विमा घ्याच.

---

गवतीचहा (पुणे)

लेख कळकळीने लिहिलाय. पण मनात येतं ते विचारते. आमच्या सोसायटीच्या गेटवर आत्ता या क्षणी कुत्री बसलीत, त्यातली निम्मी खरजेने बेजार. आपल्याच मातीतली एवढी कुत्री असताना आपल्या माणसांनी रोमानियाच्या कुत्र्यावर हजारो रुपये घालवायचे? आणि जर्मनीतली शेल्टरंही भरलेलीच आहेत असं वाचते.

---

सोनचाफा (बर्लिन)

गवतीचहा ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. इथली शेल्टरं भरलेली आहेत हे खरंच, करोनाच्या काळात घेतलेली कुत्री लोकांनी परत आणून सोडली. आम्ही आधी फाल्केनबेर्गच्या टीअरहाइमलाच, म्हणजे इथल्या प्राण्यांच्या शेल्टरलाच, गेलो होतो. तिथे त्या वेळी होते ते बहुतेक मोठे, अनुभवी हात लागणारे कुत्रे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांना त्यांनी स्वतःच नको म्हटलं. तरी माझं मत असंच की पहिली चक्कर तुमच्या गावच्या टीअरहाइमलाच मारा.

भारतातून आणायचा विचार केला होता, पण त्याचे नियम फार वेगळे आहेत. कोकणकडा, तुम्ही सांगाल का?

---

कोकणकडा (मुंबई)

सांगतो. मी उपनगरात रेस्क्यूचं काम करतो, काही कुत्री बाहेर पाठवायला मदत केलीय.

रेबीजच्या बाबतीत ज्या देशांना सवलत आहे त्या युरोपियन युनियनच्या यादीत भारत नाही. त्यामुळे क्रम असा: पहिल्यांदा 15 आकडी मायक्रोचिप. चिपनंतर रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं आणि युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या लॅबला पाठवायचं. अँटिबॉडी 0.5 आययू प्रति मिलीलिटर किंवा जास्त हव्यात. मग रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. त्यानंतर इथल्या सरकारी अ‍ॅनिमल क्वारंटाइन ऑफिसची तपासणी आणि सर्टिफिकेट, मग विमान. म्हणजे पिल्लू असेल तर निघेपर्यंत ते सात महिन्यांचं होतं. एवढे महिने त्याला सांभाळणार कोण, हा खरा अडसर. फॉस्टर घर मिळत नाही, पाळणाघराचे पैसे चढत जातात.

गवतीचहा, तुमच्या मुद्द्यावर माझं मत थोडं कडक आहे. धडधाकट गावठी कुत्रा परदेशी पाठवण्यात मला अर्थ वाटत नाही. त्या विमानभाड्यात इथे एका अख्ख्या गल्लीची नसबंदी आणि लसीकरण होतं. पण लोकलखाली पाय गेलेला, मागच्या पायाने लुळा, आंधळा असा कुत्रा असेल, त्याला इथे कुणी घेत नाही. त्याच्यासाठी युरोपातलं किंवा कॅनडातलं घर हाच मार्ग असतो. तिथे चाकगाडी लावलेला कुत्रा बागेत फिरताना दिसला तर कुणी वळून बघत नाही.

कॅनडा म्हणालो, पण तेही आता बंद झालंय.

---

तिरफळ (टोरंटो)

हो, बंदच. 2021 मध्ये इराणमधून ओंटारिओत आणलेल्या कुत्र्यांमध्ये रेबीजच्या केसेस निघाल्या. त्यानंतर 28 सप्टेंबर 2022 पासून रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून 'कमर्शियल' कुत्र्यांना बंदी आली. त्या यादीत भारत आहे. आणि दत्तक देण्यासाठी आणलेला कुत्रासुद्धा कमर्शियलमध्येच मोडतो, संस्थेने एक पैसा कमावलेला नसला तरी. आमच्या ओळखीतल्या एका घरात नागपूरच्या कुत्रीसाठी सगळी तयारी झाली होती, पलंग आणून ठेवला होता. ती शेवटी नागपुरातच एका शिक्षिकेकडे गेली. ती आता मजेत आहे, पण या घरातल्या मुलीला ते समजावणं फार अवघड गेलं.

रेबीज म्हणजे काय हे आपण भारतात पाहिलंय, म्हणून नियमाला माझा विरोध नाही. पण लस, टायटर (म्हणजे ती रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट), चिप सगळं असलेल्या कुत्र्याला वाट ठेवायला हवी होती.

---

चिंचगुळ (न्यू जर्सी)

अमेरिकेत वाट आहे, पण लांबची. 1 ऑगस्ट 2024 पासून कुठल्याही देशातून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप असलेला हवा आणि सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, फॉर्म भरलेला हवा. भारतात लस झालेला असेल तर सरकारी डॉक्टरच्या सहीचं लस-सर्टिफिकेट, टायटर आणि इथे विमानतळाजवळच्या मान्यताप्राप्त केंद्रात आधीच बुकिंग. टायटर नसेल तर 28 दिवस क्वारंटाइन, खर्च आपला. ही केंद्रं मोजक्याच शहरांत आहेत, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी केंद्रात जागा बघा.

---

हिरवीमिरची (आइंडहोवन)

माझ्या मैत्रिणीने सोपा मार्ग सांगितला. कुणीतरी भारतातून येणारा प्रवासी बघायचा, कुत्रा त्याच्या नावावर 'माझा पाळीव' म्हणून आणायचा आणि विमानतळावर आपण घ्यायचा. सगळे असंच करतात म्हणे.

---

सोनचाफा (बर्लिन)

हिरवीमिरची, कृपा करून हे करू नका. पाळीव प्राण्यांचे सोपे नियम आहेत ते मालकाबरोबर प्रवास करणाऱ्या, मालक न बदलणाऱ्या प्राण्यासाठी. इथे पोचल्यावर दुसऱ्याला द्यायचाच आहे असा कुत्रा त्या नियमांत बसत नाही, पैशांची देवाणघेवाण झाली नसली तरीही. पकडलं गेलं तर तो प्रवासी अडकतो आणि कुत्रा क्वारंटाइनमध्ये जातो, क्वचित परतही पाठवतात. चांगल्या संस्थाही प्रवाशांची मदत घेतात, पण कागद योग्य प्रकारचे करून. आपल्या एका शॉर्टकटमुळे उद्या आणखी एका देशाने दार लावलं तर नुकसान कुत्र्यांचंच.

---

रानजाई (लीड्स)

ब्रिटनमधून. इथे रोमानियाची कुत्री खूप आहेत, आमचा शेरूही तिथलाच. पण 2020 पासून इथे ब्रुसेला कॅनिस हा जंतू बाहेरून आलेल्या कुत्र्यांमध्ये वाढत्या प्रमाणात सापडतोय, त्यातली बरीच कुत्री रोमानियाची. प्रजननाशी संबंधित स्रावांतून पसरतो, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, आणि अँटिबायोटिक दिलं तरी पूर्ण बरा झाला असं खात्रीने म्हणता येत नाही. 2022 मध्ये कुत्र्याकडून माणसाला लागण झाल्याची ब्रिटनमधली पहिली केस नोंदली गेली. घरात कुणी गरोदर असेल किंवा केमो वगैरे चालू असेल तर हा विषय गंभीरपणे घ्या. निघायच्या आधी तिथेच टेस्ट करायला लावा आणि रिपोर्ट मागा. कुत्रा इथे आल्यावर पॉझिटिव्ह निघाला तर कुटुंबापुढे येणारे पर्याय इतके क्रूर असतात की ते शब्दांत लिहवत नाहीत. आमची व्हेट तर बाहेरून आलेल्या कुत्र्याचं ऑपरेशन टेस्टशिवाय करत नाही.

---

सोनचाफा (बर्लिन)

रानजाई, हे फार बरं झालं लिहिलंत. त्यात भर घालते. हार्टवर्म, म्हणजे हृदयातले जंत, डासांमुळे होतो आणि रोमानियात आहे. लागण झाल्यापासून टेस्टमध्ये दिसेपर्यंत सहा-एक महिने जातात. त्यामुळे निघताना 'निगेटिव्ह' असलेला कुत्रा खरंच निगेटिव्ह आहे का, हे आल्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट केल्यावरच कळतं. ही दुसरी टेस्ट लोक हमखास विसरतात. बाबेसिया, एर्लिकिया हे आजार गोचिडांमुळे होतात, त्यांचीही टेस्ट करून घ्या. स्पेन, ग्रीस, इटलीकडचा कुत्रा असेल तर लेश्मानिया या आजाराचीही.

---

डोंगरवाट (म्युनिक)

सेफ्टी हार्नेसबद्दल ताईंनी लिहिलंय त्याच्याखाली मी दोन रेघा ओढतो. आमची बल्गेरियाची कुत्री पहिल्याच आठवड्यात पळाली. पाठवणाऱ्यांनी साधा हार्नेस घालून दिला होता, तिने दोन पावलं मागे घेतली आणि मोकळी झाली.

पळालेला घाबरट कुत्रा हा पाळीव कुत्र्यासारखा वागत नाही, म्हणून सांगतो. मागे धावू नका. नावाने हाका मारू नका, त्या नावाशी त्याची ओळखही झालेली नसते. पन्नास लोकांनी जंगल पिंजून काढलं तर तो आणखी दहा किलोमीटर जातो. टासोला आणि पोलिसांना कळवा, पोस्टर लावा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा 'पकडू नका, फोन करा'. जिथे दिसला तिथे एकाच जागी रोज एकाच वेळी खाणं ठेवा, शेजारी आपला घामाचा शर्ट. कॅमेरा लावा. येतोय अशी खात्री पटली की मगच पिंजरा, आणि तो लावायला अनुभवी माणूस. आमची अशीच परत मिळाली, उकडलेल्या कलेजीवर.

आणि थर्टी फर्स्ट! जर्मनीतले फटाके आपल्या लक्ष्मीपूजनाला भारी आहेत. 29 डिसेंबरपासून (मध्ये रविवार आला तर 28 पासून) विक्री सुरू होते आणि तेव्हापासूनच धडामधुडुम. त्या दिवसांत बागेतसुद्धा दोर सोडायचा नाही.

---

पारिजात (फ्रँकफर्ट)

माझा प्रश्न घरगुती आहे. सासूबाई साताऱ्याहून तीन महिने येतात. त्या कुत्र्यांना घाबरत नाहीत, उलट खायला घालण्याचं भारी वेड. गावाकडे त्यांनी आयुष्यभर कुत्र्याला भाकरी-कालवण घातलंय, "त्याला काही होत नाही" म्हणतात. काय चालतं, काय नाही? आणि दर वर्षी कुत्र्याला भारतात नेता येतं का?

---

सोनचाफा (बर्लिन)

पारिजात, भाकरीचा तुकडा, दहीभात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन चालतं. कांदा-लसूण नाही, म्हणजे कालवण आलंच नाही. कांद्याने त्यांच्या लाल पेशी फुटतात. द्राक्षं, मनुका अजिबात नाहीत, त्यामुळे मनुका घातलेला प्रसादाचा शिराही नाही. चॉकलेट नाही, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असलेलं च्युइंगगम नाही. आई आली होती तेव्हा मी फ्रीजवर मराठीत यादी लावली. आईने कालवण बंद केलं, पण बिनमिठाची वेगळी भाकरी थापायला लागली. मिरीने माणसाच्या हातून पहिल्यांदा घास घेतला तो तिच्याच. आई रोज संध्याकाळी पाट घेऊन जमिनीवर बसायची, कुत्र्याकडे न बघता भाजी निवडायची. आमच्याकडची शांत माणसंच मिरीला आधी पटली.

भारतात नेण्याबद्दल: नेताना भारताची परवानगी लागते, ती आधी काढायची. पण जास्त महत्त्वाचं परतीचं आहे. निघायच्या आधी जर्मनीतच टायटर करून ती पेट पासपोर्टमध्ये नोंदवून घ्या. मग लस चालू ठेवलीत तर परत येताना तीन महिने थांबावं लागत नाही. हे न करता गेलात तर कुत्रा सातारला आणि तुम्ही फ्रँकफर्टला, अशी वेळ येते. अर्थात भेदरट कुत्र्याला दर वर्षी विमानाच्या पोटात घालणं मला पटत नाही. आम्ही जातो तेव्हा मिरी तिच्या ओळखीच्या एका कुटुंबात राहते. ते घर आम्ही कुत्रा आणायच्या आधीच ठरवलं होतं.

---

गवतीचहा (पुणे)

हे सगळं वाचून माझ्या मनातला विरोध थोडा मावळला. कोकणकडा, गेटवरच्या खरजेच्या कुत्र्यांसाठी पुण्यात नसबंदी आणि औषधपाणी करून त्याच जागी परत सोडणारं कुणी असेल तर मला निरोप करा. सोसायटीची वर्गणी मी उभी करते.

---

कोकणकडा (मुंबई)

केलाय, ताई. एक लक्षात ठेवा, परत त्याच जागी सोडणं हे 2023च्या एबीसी नियमांतच, म्हणजे प्राण्यांच्या नसबंदीच्या सरकारी नियमांतच, आहे. सोसायटीतलं कुणी "लांब नेऊन सोडा" म्हणालं तर ते नियम त्यांना दाखवा.

---

नवाभाडेकरू (स्टुटगार्ट)

आमच्या भाडेकरारात "कुत्री-मांजरं पाळण्यास मनाई" असं छापलंय. म्हणजे विषयच संपला का?

---

सोनचाफा (बर्लिन)

नाही संपला. सरसकट मनाई करणारं कलम अवैध आहे असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 मध्ये दिलाय. पण याचा अर्थ न विचारता आणता येतो असाही नाही. प्रत्येक बाबतीत दोन्ही बाजू तोलून बघायच्या असतात: कुत्रा केवढा, घर केवढं, शेजाऱ्यांचं काय. म्हणून घरमालकाला आधी पत्र लिहा. कुत्र्याचं अंदाजे वजन, इन्शुरन्स घेणार असल्याचं, तुम्ही कामावर असताना तो कुठे राहील, हे सगळं त्यात घाला. परवानगी लेखी घ्या. घर बघायला येणारे लोक तोच कागद सगळ्यात आधी मागतात. पत्राचा मसुदा हवा असेल तर निरोप करा, माझ्याकडे जर्मनमधला तयार आहे.